लांबट चेंडूचा हिवाळा

तुरीच्या शेंगा वाळल्या की रानातून एक आवाज येतो. वारा नसला तरी येतो. बारीक, कोरडा, कुणी मुठीत चिंचोके हलवावेत तसा. आमच्याकडं आता सगळीकडं सोयाबीन झालं, ज्वारी हटली, कापसाच्या जाती बदलल्या. तूर मात्र आहे, आणि तिचा आवाजही तोच आहे. तो कानावर आला की आठवडाभरात माझा डावा खांदा ठणकायला लागतो. डॉक्टर म्हणतात, थंडीनं होतं. होत असेल. गळ्याजवळचं हे हाड सतराव्या वर्षी मोडलं होतं, तेही असल्याच दिवसांत, नरसीच्या रस्त्यालगतच्या आमच्या पडीक रानात.

"कशानं मोडलं?" नात विचारते.

"रग्बी खेळताना."

ती हसते. तिनं तो खेळ टीव्हीवर पाहिलेला आहे. हिरवंगार मैदान, गोरे धिप्पाड गडी. हिंगोलीत, तेही निजामाच्या मोगलाईत, रग्बी कुठली? आजोबा थापा मारून राहिले असं तिला वाटतं. तिला दोष कसा देणार? पूर्ण गोष्ट मी तिला कधी सांगितलेलीच नाही. कुणालाच सांगितली नाही.

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली दौलतसिंग हवालदार पलटणीतून घरी आले. हिंगोलीत पूर्वी छावणी होती. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी पलटणी उठून गेल्या, पण उत्तरेकडून आलेल्या शिपायांची काही घरं इथंच राहिली. लोक त्यांना परदेशी म्हणत. तीन पिढ्या इथल्या मातीत मुरल्या तरी परदेशीच. घरात हिंदी, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू, असं त्यांचं चालायचं. हवालदार त्यांच्यातले. उंच, काटक, उजवा गुडघा न वाकणारा. शाळेत ड्रिल मास्तर म्हणून लागले आणि आम्ही त्यांना हवालदार मास्तर म्हणू लागलो.

बिस्तऱ्यात गुंडाळून त्यांनी एक चेंडू आणला होता. दोन्ही टोकांना निमुळता, तपकिरी चामड्याचा, दोन ठिकाणी टाके उसवलेला. तो पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, "मास्तर, ह्यो चेंडू पेटीखाली दबला का वो?"

मास्तर हसले नाहीत. पखाली शिवणाऱ्याकडून त्यांनी तो नीट करून आणला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला ओळीत उभं केलं.

हा खेळ ते कसे शिकले तेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. जवानीत ते एका थंड डोंगरी छावणीत शिपाई होते. गोऱ्या पलटणीचा खेळ चालायचा तेव्हा यांच्याकडं पाणी द्यायचं काम. एक दिवस त्यांचा एक गडी तापानं पडला, पंधरावा माणूस मिळेना, आणि साहेबानं यांच्याकडं बोट दाखवलं. "त्या दिवशी मी तीनदा पडलो अन् एकदा पाडलं," मास्तर सांगत. "ज्याला पाडलं तो त्यांचा कप्तान. त्यानं उठून माझा हात हातात घेतला." पुढची दहा वर्षं ते खेळले, गुडघा गेला तेव्हा शिकवायला लागले, हे ते एका वाक्यात उरकत. कप्तानानं हात हातात घेतला, हे मात्र दरवेळी थांबून सांगत.

खेळाचा पहिला नियम ऐकून आम्ही हसलो होतो. पळायचं पुढं, पण चेंडू द्यायचा मागं. पुढच्या गड्याला द्यायचाच नाही.

"ह्ये कसं व्हईल मास्तर? म्होरं कोणीच नसंल तर द्यायचा कोणाला?"

"म्होरं कोणी नसतंच, बेटा," मास्तर म्हणाले. "म्होरं फक्त ते असतात. तुझे सगळे तुझ्या मागं. न पाहता द्यायचा. मागं माणूस असणार हे बराबर ठाऊक पाहिजे."

हुतूतूत एकट्यानं दम धरून जायचं असतं, कुस्तीत तर दुसरा कोणी नसतोच. न पाहता मागं चेंडू टाकायचा, हे अंगवळणी पडायला आम्हाला महिना लागला. चेंडू मागं टाकला की तो मातीत पडायचा आणि मागचा गडी तोंडाकडं बघत राहायचा. मग हळूहळू पडेनासा झाला.

शाळेपुढचं मैदान मुरमाड होतं. पडलं की गुडघे सोलून निघत. म्हणून मी आबांना विचारलं. आबा म्हणजे माझे वडील, गावचे पाटील. हिंगोलीजवळच्या आमच्या गावात सगळ्यांत जास्त जमीन त्यांची, आणि हिंगोलीच्या बाजूला रस्त्यालगत त्यांचं एक रान त्या साली पडीक होतं.

"खेळा की," आबा म्हणाले. "न्हाई तरी पडीकच हाये."

मला मिरवायला मिळालं. रान आमचं म्हणून कप्तानही मीच असणार, असं मी मनात धरून चाललो. मास्तरांनी तसं काही म्हटलेलं नव्हतं.

काळ्या रानाला हिवाळ्यात भेगा पडतात. त्या आम्ही माती लोटून बुजवल्या, तरी लांबट चेंडू एखाद्या काठावर आपटला की कुठं उसळेल ते देवालाही सांगता आलं नसतं. तीन बाजूंना तूर उभी होती, चौथ्या बाजूला हरभरा. संध्याकाळी दमून बसलो की ढाळे उपटून खायचे. ओठांना आंब लागायची आणि फुटलेल्या ओठाला ती झोंबायची. मला त्या हिवाळ्याची चव विचाराल तर ती आहे: हरभऱ्याची आंब आणि थोडं रक्त.

शाळेतली पोरं पुरेनात. मास्तर बाजारात, जिनिंगमध्ये, तांड्यावर हिंडले. तांड्यावरून तिघं आणले, जनावरांमागं पळून ज्यांच्या पायांना वारा लागला होता. त्यांना कडेला पळायला ठेवलं. आता खरी गरज होती ती सकरमसाठी. मास्तर म्हणत स्क्रम, आम्ही म्हणायचो सकरम. दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांना बिलगून, वाकून, डोक्याला डोकं भिडवून रेटतात आणि मधे टाकलेला चेंडू पायानं मागं ओढतात, तो सकरम. त्यात पुढं तिघं असतात. मधला गडी दोन्ही हात बाजूच्या दोघांच्या खांद्यांवर टाकून जवळजवळ लोंबकळतो. त्याचे हात अडकलेले असतात, मान पुढं असते. बाजूच्या दोघांनी त्याला कमरेपाशी घट्ट धरायचं. त्यांनी सोडलं तर तो तोंडावर जातो, आणि मागचा सगळा रेटा त्याच्या मानेवर येतो.

मधल्या जागेसाठी मास्तरांनी जिनिंगमधून किसनला आणलं. कापसाची गठाणं पाठीवर उचलणारा, बुटका, दणकट गडी. आमच्याच गावचा, महारवाड्यातला. मी त्याला जन्मापासून ओळखत होतो आणि कधी शिवलो नव्हतो. यात मला तेव्हा काही विशेष वाटत नव्हतं. खरं ते सांगतो.

मास्तरांनी त्याला मधे उभं केलं. उजवीकडं शाळेतला एक पठाणाचा पोरगा, डावीकडं मी.

"धरा," मास्तर म्हणाले.

किसननं आपला हात माझ्या खांद्यावर टाकला नाही. तो नुसता हवेत धरला. मीही त्याच्या सदऱ्याची कड दोन बोटांत धरली. पठाणाच्या पोरानं मात्र त्याला मिठी मारावी तसं धरलं. मास्तर न वाकणारा पाय ओढत आले, माझ्या बोटांकडं पाहिलं.

"कापड धरू नकोस," ते म्हणाले. "माणूस धर."

मला आठवतं, तुरीत कुठंतरी होले घुमत होते. मी सदरा सोडला आणि हात त्याच्या पाठीवरून पलीकडं टाकला. घामानं ओली, गरम पाठ. मान वाकवली तर त्याच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले दिसत होते. काहीही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही रेटायला लागलो.

पंधरा दिवसांनी आपला हात कुणाच्या पाठीवर आहे हे मला आठवेनासं झालं. रेटताना किसन दात खाऊन "दिग्या, दाब, दिग्या, दाब!" म्हणायचा आणि मी दाबायचो. पण खेळ संपला की कयाधू नदीवर हातपाय धुऊन आम्ही एकाच वाटेनं गावाकडं निघायचो, तेव्हा तो माझ्या मागं वीस पावलांवर चालायचा. मी थांबलो तर तोही थांबायचा. वाटेत कुणी भेटलं आणि मला हाक मारली तर तो बांधाच्या कडेला उतरायचा. एवढ्यानं त्याच्या तोंडी मी दिग्याचा मालक व्हायचो. यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. घरी मायला मी सांगितलं नव्हतं, आबांनाही नाही.

आता वाटतं, मास्तरांना हे दिसत असणार. ते काही बोलले नाहीत. रानात काय चालावं हे त्यांच्या हातात होतं, वाटेवरचं नव्हतं. जिथं आपली शिट्टी चालते तिथंच ती वाजवायची, असा त्यांचा हिशेब असावा.

एक दिवस आबा तूर पाहायला आले. बरोबर गावातले दोघं. आम्ही सकरम बांधला होता. सकरममध्ये तोंड खाली असतं, दिसतात ते फक्त पाय. समोरच्यांच्या पायांमधून मला रानाच्या कडेचा धुरा दिसत होता आणि धुऱ्यावर येऊन थांबलेले जोडे दिसले. करकरते, तेल लावलेले, टोकाशी वळलेले. ते जोडे रोज सकाळी ओट्यावरून मीच आबांच्या पायाशी ठेवत असे.

माझा हात सुटला.

हात सुटला असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत राहिलो, जणू तो माझा नव्हता. सुटला नाही. मी सोडला. आबांना माझा हात किसनच्या पाठीवर दिसू नये म्हणून सोडला. मागचे पाचजण त्याच क्षणी रेटत होते. मी डाव्या खांद्यावर पडलो आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज माझ्याच आतून ऐकला. किसन तोंडावर गेला. त्याच्या अंगावर सगळे.

लोक उठले तेव्हा तो पालथाच होता. मास्तर ओरडले, "हात लावू नका त्याला!" मातीत पाय पसरून बसत त्यांनी त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

"हात हलव, बेटा."

"हलंना, मास्तर."

"बोटं?"

"हायेत का न्हाई तेच समजंना," किसन म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. नुसती माहिती द्यावी तसा.

बैलगाडी आणली, खाली तुरीचा भुसा पसरला, डोक्याच्या दोन बाजूंना भुशाची पोती लावली. दवाखान्यापर्यंत मास्तर गाडीत त्याचं डोकं धरून बसले होते. मला आबांनी घरी नेलं. वाटेत ते फक्त एकदा बोलले.

"खेळायला रान दिलं व्हतं. असलं कराया न्हाई."

मायनं अंगणातच माझ्यावर गोमूत्र शिंपडलं, धुतलेलं धोतर दिलं आणि मग हाडवैद्याला बोलावलं. त्या क्रमानं. मी रडत होतो ते दुखण्यानं, असं तिला वाटलं.

किसनच्या हातांत चार दिवसांनी जीव आला. मानेचं हाड मोडलं नव्हतं, पण दोन महिने तो घरी पडून होता. मान वळेना. त्या हंगामातलं जिनिंगचं काम गेलं. आणि त्या सुगीला आबांनी त्याच्या बापाला बलुतं घ्यायला खळ्यावर बोलावलं नाही. खळ्यात रास पडली, सगळे आपापली टोपली घेऊन आले, तो म्हातारा वेशीपाशी बसून राहिला. मी गळ्यात हात बांधून राशीजवळ उभा होतो. मला तो दिसत होता. मी आबांना एक शब्द बोललो असतो तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, कारण मी बोललो नाही.

माझं हाड जुळलं तेव्हा होळी जवळ आली होती. हैदराबादेत एका पलटणीच्या संघाशी आमच्या संघाचा सामना ठरला होता. मी शाळेत मास्तरांना गाठलं.

"मास्तर, खांदा बरा झाला. मी येऊ का खेळाया?"

"घरी विचारलं?"

"इचारतो. आबा न्हाई म्हणणार न्हाईत." हे खोटं होतं.

"किसन परत आलाय," ते म्हणाले. "मी त्याला नको म्हणालो. मान अजून सरळ न्हाई. तो ऐकंना. म्हणाला, मधे मीच उभा राहणार. पण एक अट घातली त्यानं. म्हणाला, मास्तर, दिगंबर बाजूला असंल तर मी उभा न्हाई राहणार. मला धरणारा पाहिजे."

मला राग आला. लाज वाटायला हवी होती तिथं राग आला. "रान आमचं हाये, मास्तर," मी म्हणालो.

"हाये," मास्तर म्हणाले. "आबांना माझा राम राम सांग. म्हणावं, उद्यापासून आमी नदीत खेळू."

त्यांना दुसरं उत्तर देता आलं असतं. मला कप्तान करता आलं असतं, किसनची समजूत घालता आली असती, पाटलाच्या पोराला सांभाळून घेता आलं असतं. त्यांच्या नोकरीलाही ते बरं पडलं असतं, कारण शाळेच्या कमिटीत आबांच्या ओळखीचे होते. पण कुणाला धरायचं हे त्यांनी तेव्हा ठरवलं, आणि ठरवताना आवाजही चढवला नाही. दुसऱ्याच दिवशी आबांनी त्या पडीक रानात नांगर घातला. पेरायचे दिवस नव्हते. माती उलटी करून टाकली एवढंच. संघ कयाधूच्या वाळूत खेळायला लागला, आणि वाळूत पळून पळून पोरांचे पाय आणखी बळकट झाले असं पुढं मास्तरच लोकांना सांगत.

त्यानंतर आबांनी मला शाळेतून काढलं. पुढचं सगळं मी ऐकलेलं सांगतो.

हैदराबादेत आमचा संघ हरला. पण हरताना त्यांचा सकरम एकदाही मोडला नाही. समोर पलटणीचे तगडे गडी होते आणि ही जिनिंगमधली, तांड्यावरची, शाळेतली पोरं एक पाऊल मागं सरली नाहीत. बघायला आलेल्या एका बड्या अधिकाऱ्यानं विचारलं, ह्यांना शिकवलं कुणी? तिथून मास्तरांचं नशीब फिरलं. पुढच्या हिवाळ्यात त्यांना हैदराबादला बोलावून संस्थानाच्या संघाचा प्रशिक्षक नेमलं. तेव्हा संस्थान स्वतःला मुल्क म्हणवून घेई. म्हणजे आमचा ड्रिल मास्तर एका देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. हिंगोलीच्या बाजारात लोक ही गोष्ट एकमेकांना सांगत. खेळ कुणालाच माहीत नव्हता, त्यामुळं सांगणारा जे सांगेल ते खरं. कुणी म्हणे नारळ पळवायचा खेळ आहे, कुणी म्हणे मल्लखांबाची जात आहे.

त्यांनी किसनलाही नेलं. दोन हिवाळे तो संस्थानाच्या संघात मधे उभा राहिला. मद्रासकडं जाऊन गोऱ्यांच्या क्लबांशी ते खेळले, एकदा जिंकलेही. मी तेव्हा आमच्या रानात आऊत धरत होतो. तुरीच्या तासातून चालताना मनातल्या मनात मागं चेंडू टाकत होतो. मागं कुणी नव्हतं.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी मास्तरांची नोकरी गेली. त्या वेळी शहरात हवा बिघडत होती. तरण्या पोरांच्या टोळ्या उभ्या राहत होत्या, त्यांना कवायत शिकवायला माणसं हवी होती. एका वरिष्ठानं मास्तरांना बोलावून सांगितलं, चेंडू ठेवा आता, पोरांच्या हातात लाठी द्या. मास्तर म्हणाले, "मला लाठी येते हुजूर. पण ह्या पोरांना मी ती शिकवणार न्हाई. ही पोरं सगळ्या जातींची हायेत. कोणाविरुद्ध शिकवू?" आठ दिवसांत त्यांचं राहतं घर काढून घेतलं. ते बिस्तरा घेऊन हिंगोलीला परत आले. शाळेत त्यांची जागा तोवर भरलेली होती.

मग भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत, फौजा आल्या आणि पाच दिवसांत संस्थान संपलं. तूर तेव्हा कमरेएवढी हिरवी होती. त्या महिन्यात आमच्या भागात लोक एकमेकांना भ्यायले. काही घरं कायमची बंद झाली. त्यावर बोलणारे माझ्याहून जास्त जाणतात. मी एवढंच पाहिलं की मास्तर ज्या देशाचे प्रशिक्षक होते तो देश नकाशावरून गेला. त्यांची कारकीर्द दोन हिवाळ्यांची. तिचा दाखला द्यायला आता कचेरीही उरली नव्हती.

मला उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येत असे, म्हणून नव्या राजवटीत तहसील कचेरीत कारकुनी मिळाली. जुन्या संस्थानाच्या नोकरीत असलेल्यांचे अर्ज लिहून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. तूर वाळायला लागली होती तेव्हा एका दुपारी मास्तर माझ्या टेबलापुढं उभे राहिले. दाढी पांढरी झालेली. मला ओळखलं, पण ओळख दाखवायची घाई केली नाही.

"बसा, मास्तर."

"गुडघा वाकत न्हाई. उभाच बरा."

मी नाव लिहिलं. वय लिहिलं. "आधीची नोकरी?"

"संस्थानाच्या संघाचा प्रशिक्षक."

छापील अर्जात त्याला जागाच नव्हती. शिक्षक, पोलीस, महसूल, जंगल, असे रकाने. मी शेजारच्या वडील कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "ते खातंच उरलं न्हाई. लिही ड्रिल मास्तर, म्हणजे निदान शाळेत तरी लागतील."

"तसं लिहू का, मास्तर?"

"लिही. तेही खरंच हाये," मास्तर म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. मलाच वाटलं.

सही झाली, कागद आत गेला, तरी ते लगेच निघाले नाहीत. मी उठून त्यांच्याबरोबर ओसरीपर्यंत गेलो. विचारावं की नाही, असं करत करत विचारलं.

"मास्तर, तुमचा माझ्यावर राग हाये का?"

"कशाचा?"

"त्या दिवशीचा."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "माझी मान मोडली व्हती का, बेटा? मला काहून विचारतो?" मग पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "किसन पूर्णेला हाये. रेल्वेत सांधेवाला झालाय. हिंगोलीवरून रोज गाडी जाते."

पुढच्या रविवारी मी त्या गाडीत बसलो. घरी कुणाला सांगितलं नाही. खिडकीतून तुरीची रानं मागं जात होती, काही कापलेली, काही उभी. काय बोलायचं ते मी चारदा मनात जुळवलं आणि चारदा मोडलं.

पूर्णेच्या फलाटाच्या टोकाला तो झेंड्या काखेत घेऊन उभा होता. खाकी कपडे, गळ्याला मफलर. मी हाक मारली. तो मान वळवू शकत नव्हता म्हणून सगळाच वळला. पाय, कंबर, खांदे, मग तोंड. एवढ्यावरून मला कळलं, मानेचं दुखणं गेलेलं नाही.

"दिगंबर," तो म्हणाला. मालक म्हणाला नाही, दिग्याही म्हणाला नाही.

"कसा हायेस, किसन?"

"बरा हाये. मास्तरनं पाठवलं?"

"न्हाई. मीच आलो."

"काहून?"

जुळवलेलं सगळं विसरलो. "त्या दिवशी मी हात सोडला," मी म्हणालो. "निसटला न्हाई, सोडला. आबाचे जोडे दिसले म्हणून सोडला. माझी चूक झाली. ते सांगाया आलो."

"मला म्हाईत हाये," तो म्हणाला. "पाठीवरचा हात कवा निसटतो अन् कवा सोडतात, ते खालच्याला समजतं."

"मी आधीच यायला पायजे व्हतं. पण तू हैदराबादेला गेलास, मंग इकडं एवढ्या लांब पूर्णेला..."

"पूर्णेचं काय सांगून राहिला?" त्यानं मला मधेच थांबवलं. आवाज तसाच शांत, त्या दिवशी मातीत पालथा असताना होता तसा. "मी दोन महिने घरी पडून व्हतो, दिगंबर. तुमच्या घरून आमचं घर किती लांब व्हतं?"

वेशीतून खाली उतरलं की तिसरं घर. आमच्या माडीवरून त्याचा कूड दिसायचा. ते दोन महिने मी रोज माडीवर बसून तो पाहत होतो. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून त्याला काय मिळणार होतं?

लांबून शिट्टी झाली. तो झेंड्या घेऊन रुळांच्या कडेनं सांधा बदलायला गेला. मालगाडी होती, लांबलचक, कापसाच्या गठाणांनी भरलेली. ती जाईपर्यंत बराच वेळ लागला. परतीच्या गाडीला अवकाश होता, पण मी स्टेशनच्या बाहेर जाऊन बसू शकलो असतो. गेलो नाही. काय बोलायचं ते ठरवलंही नाही. नुसता उभा राहिलो.

धूळ खाली बसली तेव्हा तो परत आला. मला पाहून थबकला.

"अजून हायेसच?"

"हाये."

तो बाकावर बसला, झेंड्या मांडीवर गुंडाळल्या. मग बाकाच्या एका टोकाला सरकला.